भिंतीवरची कपबशी आणि आयर्लंडची शिडी

आमच्या वैशालीला मुलगी झाली आणि माझा व्हिसा आला नाही, इथून या प्रवासाची सुरुवात. लेकीच्या बाळंतपणाला आईनं आधी पोचायचं असतं, म्हणून मी चार महिन्यांपासून कागद गोळा करत होते. पासबुक, सातबारा, जावयाचं पत्र, लेकीच्या लग्नाचे फोटो. मागतील ते दिलं. पण पोटातल्या बाळाला व्हिसा लागत नाही. ती तिच्या दिवशी आली आणि मी पंधरा दिवसांनी पोचले. तुमच्यापैकी कुणाची लेक आयर्लंडला असेल तर पहिली गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा: अर्ज डोहाळजेवणाच्या आधी करा.

आता मी कोण ते सांगते. मी सुमन. कोल्हारजवळ आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण किराणाच्या पुड्यांच्या कागदांवर आणि त्यानंतरचं ग्रामपंचायतीच्या ठरावांवर. हो, मी ग्रामपंचायत सदस्य आहे. हा ब्लॉग सूनबाईनं काढून दिला. मी बोलते आणि फोन लिहितो. चुका फोनच्या, शहाणपण माझं.

सदस्य कशी झाले हेही सांगायला पाहिजे, कारण त्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डातली जागा बायांसाठी राखीव निघाली. एका पॅनलनं मला उभं केलं, दुसऱ्यानं माझ्या थोरल्या जावेला, म्हणजे शेवंताआक्कांना. माझी निशाणी कपबशी, आक्कांची शिट्टी. मी सात मतांनी आले. मिरवणुकीत पोरांनी इतका गुलाल उधळला की आक्कांच्या गोठ्यातली पांढरी गाय गुलाबी झाली. महिनाभर डेअरीवर लोक आक्कांना विचारत होते, "आज दूध बी गुलाबी हाय का?"

त्या दिवसापासून आक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. दोन दारं, मध्ये एक अंगण, चार वर्षं. मीही बोलले नाही. हरलेल्यानं रुसायचं आणि जिंकलेल्यानं मान ताठ ठेवायची, हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. एक मात्र खरं, भांडण मनातल्या मनात केलं तेव्हासुद्धा मी त्यांना अहो-जाहोच केलं. थोरली जाऊ आहे शेवटी.

आणि वैशाली तर आक्कांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. मी शेतात असायचे, वेणी आक्का घालायच्या, शाळेत सोडायला आक्का जायच्या. ती त्यांना मोठी आई म्हणते. आमच्या आळीत बारसं कुणाचंही असो, पाळणा म्हणायला आक्कांनाच बोलावणं. तर बाळ झाल्यावर वैशालीनं फोनवर मला साफ सांगितलं:

"आई, मोठ्या आईनं पाळणा म्हटल्याबिगर मी नाव ठेवणार न्हाई."

"मंग त्यांना फोन कर की."

"केला. ती म्हणती, तुझी आई माझ्याशी बोलू दे, मग बघू. तू बोल."

"मी का म्हनून बोलू? मी निवडून आलीये."

"मंग तुझी नात बिननावाची राहू दे," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आयर्लंडमध्ये बाळाचं नाव तीन महिन्यांच्या आत सरकारदरबारी नोंदवावं लागतं. बारा दिवसांचं बारसं तर हुकलंच होतं. म्हणजे माझ्या हातात सामान होतं बावीस किलो आणि डोक्यावर त्याहून जड ते हे.

निघाले

विधानसभेचं मतदान आदल्या दिवशी उरकलं आणि दुसऱ्या दिवशी बोटावर शाई घेऊन गाडीत बसले. कोल्हारहून शिर्डी, पुढं समृद्धी महामार्गानं इगतपुरी, मग कसारा घाट उतरून मुंबई. पाच-सहा तास धरा. रस्ता एकदम लोण्यासारखा, पण वाटेत चहाला थांबायची सोय फार नाही, तेव्हा घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. मुंबईहून आयर्लंडला थेट विमान नाही. आखातात बदलावं लागतं. तिथं तीन तास बसायचं असतं आणि एक चहा आपल्याकडच्या चहाच्या किटलीच्या किमतीत पडतो. तो पिऊ नये.

सामानाबद्दल एक महत्त्वाचं. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही तिकडं नेऊ देत नाहीत. मी डिंक, खारीक, खोबरं, मेथ्या, हळीव तेवढं नेलं आणि तूप तिथंच कढवलं. आयर्लंडचं लोणी इतकं पिवळं असतं की पहिल्यांदा मला वाटलं, यात हळद घातलीये. त्या तुपात झाले तसे डिंकाचे लाडू मी आयुष्यात कधी केले नाहीत. खोटं कशाला बोलू.

डब्लिनला उतरल्यावर काचेमागच्या साहेबानं पासपोर्ट बघितला, मला बघितलं, मग माझ्या बोटावरच्या काळ्या डागाकडं बघितलं. इंजुरी, असं काहीतरी विचारलं. मी बोट वर करून म्हटलं, "वोट! वोट!" साहेब हसला आणि त्याचं स्वतःचं बोट कॅलेंडरवर ठेवून दाखवलं. नंतर जावई म्हणाले, इथंही येत्या शुक्रवारी मतदान आहे. अख्ख्या देशाचं. मी म्हटलं, चला, घर सोडलं तरी नशिबानं काही आपल्याला सोडलं नाही.

मॉरीनबाई

लेकीचं गाव कॉर्कच्या अलीकडं. जावई प्रशांतराव तिथल्या दूध पावडरच्या कारखान्यात आहेत, वैशाली नर्स. डब्लिनहून गाडीनं तीन तासांत पोचलो. बस घेतली तर वीस युरोच्या आसपास, आधी काढलं तर कमी. दोन्ही बाजूंना हिरवंगार. मेंढ्या अशा की कुणी कापूस वेचायचा विसरून गेलाय. इतका देश, पण माणसं आपल्या नगर जिल्ह्याच्या आगेमागेच. नगर म्हणा, आता अहिल्यानगर म्हणा, तेवढीच.

बाळ बघितलं. नाक आमच्या घराण्याचं. बाकी चौकशीला वेळ दिला नाही. वैशालीच्या डोक्याला रुमाल बांधला, कानात कापूस घातला, शेक चालू केला. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही असं बजावलं. ती म्हणाली, इथं बाया आठव्या दिवशी बाळ घेऊन दुकानात जातात. मी म्हटलं, त्यांना लाडू कोण देतं?

घराबाहेर विजेच्या खांबांवर मात्र सगळीकडं फोटो. एका खांबावर चार-चार माणसं एकावर एक, जणू दहीहंडी. त्यातल्या एक बाई शेजारच्याच घरात राहणाऱ्या निघाल्या. मॉरीनबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई, कुठल्याही पक्षाच्या नाहीत, अपक्ष उभ्या होत्या, कारण गावातल्या छोट्या दवाखान्याचा रात्रीचा विभाग बंद करायचं घाटत होतं. वैशालीचं बाळंतपण झालं त्या दिवशी यांनीच रात्री गाडी काढली होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी बाई लाडू चाखायला आल्या. दोन खाल्ले, तिसरा खिशात घातला आणि प्रशांतरावांना म्हणाल्या, "उद्या प्रचाराला जातेय, तुमच्या सासूबाईंना यायचंय का? त्या सदस्य आहेत ना?"

मला सदस्य म्हटल्यावर मी थांबते होय!

पाया पडले आणि गोंधळ झाला

इथला प्रचार असा: भोंगा नाही, रॅली नाही, जेवणावळ तर नाहीच. रेनकोट घालायचा, हातात पत्रकं घ्यायची आणि एकेक दार वाजवायचं. दिवस मावळतो साडेचारलाच. पाऊस पडत नाही, नुसता हवेत लोंबकळत असतो. अंगावर दोन स्वेटर, वर शाल, पायात जावयाचे मोजे. नोव्हेंबरात जाणार असाल तर साडीखाली लोकरीची विजार घाला आणि लाजू नका.

तिसऱ्याच घरी मॉरीनबाई जे बोलल्या ते प्रशांतरावांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुम्ही चुकीचं ऐकलं. बाई दारातल्या माणसाला म्हणत होत्या, "पहिला नंबर मला देता आला तर द्या. तो दुसऱ्या कुणाचा असेल तर त्याला द्या, मला दुसरा द्या."

"दुसरा म्हंजे?"

प्रशांतरावांनी समजावलं. इथं एकाच माणसावर शिक्का मारायचा नसतो. कागदावर सगळ्यांची नावं आणि फोटो असतात, त्यांच्यासमोर आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. एक नंबरवाला हरला तर तुमचं मत वाया जात नाही, दोन नंबरवाल्याकडं जातं.

"म्हंजे बाई इरोधकाच्या मानसाकडं बी मत मागत्यात?"

"हो, दुसरं मत."

मला त्यांची अशी दया आली म्हणून सांगू! आमच्याकडं एखादा उमेदवार म्हणाला, पहिलं मत समोरच्याला द्या आणि दुसरं मला, तर संध्याकाळपर्यंत त्याचं पॅनल फुटेल आणि बायको माहेरी जाईल. मनात म्हटलं, या बाईला मत मागायचं शिकवलं पाहिजे.

पुढचं दार उघडलं एका म्हाताऱ्या बाबांनी. डेनिस त्यांचं नाव. ऐंशी पार, काठी, पायात लोकरीच्या सपाता. आता आपल्याकडं वडीलधारं माणूस दारात आलं तर काय करायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. मी पुढं झाले आणि त्यांच्या पाया पडले.

डेनिसबाबांना वाटलं मी चक्कर येऊन पडले.

त्यांनी काठी टाकली आणि मला धरलं. मी उठायला लागले तर ते खाली दाबायला लागले, कारण चक्कर आलेल्या माणसाला लगेच उठवायचं नसतं. आतून त्यांची मुलगी उशी घेऊन धावली. कुत्रं भुंकायला लागलं. मॉरीनबाई फोन काढून रुग्णवाहिका बोलवायच्या बेतात. प्रशांतराव हात जोडून "नो, नो, कल्चर, कल्चर" म्हणत होते आणि मी जमिनीवर उशी घेऊन बसले होते. शेवटी बाबांनी काहीतरी कडक औषध छोट्या ग्लासातून दिलं. घशाला लागल्यावर कळलं की हे औषध आमच्याकडं संध्याकाळी देशी दुकानात मिळतं.

सगळा खुलासा झाल्यावर बाबा खुर्चीत बसून इतके हसले की त्यांचे दात हातात घ्यावे लागले. मॉरीनबाईंना म्हणाले, "माझा पहिला नंबर टॉमचा आहे, चाळीस वर्षांचा शब्द आहे. पण माझ्या स्वतःच्या पोरांनी कधी माझे पाय धरले नाहीत. दुसरा नंबर तुला."

टॉम म्हणजे बाईंचा विरोधक. पलीकडच्या टेकडीवर त्याच्या मेंढ्या चरतात.

बाहेर आल्यावर बाई खूश. मी मात्र म्हटलं, "एवढी पडले, तरी दुसराच."

मतदान

शुक्रवारी वैशालीला घराबाहेर काढायला मी तयार नव्हते. पण तिला त्या देशाचं नागरिकत्व मिळालेलं, आयुष्यातलं तिथलं पहिलं मत. म्हणाली, "आई, तू सातवा महिना असताना भरउन्हात मत टाकायला गेल्तीस, मोठी आई सांगायची." आता आक्कांचं नाव मध्ये आलं की माझं काही चालत नाही. तिच्या कानाला दोन रुमाल बांधले आणि बाळ माझ्याजवळ ठेवून तिला पाठवलं.

मतदान शाळेतच असतं, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत. यंत्र नाही. कागद आणि पेन्सिल, आणि पेन्सिलीला दोरी बांधलेली. म्हणजे पेन्सिल चोरणारे तिथंही आहेत, ऐकून बरं वाटलं. बोटाला शाई लावत नाहीत. वैशाली घरी आल्यावर माझं बोट बघून म्हणाली, "माझं बोट कसं कोरडं वाटतंय गं."

मोजणी

हे बघायला मिळालं नसतं तर तिकिटाचे पैसे फुकट गेले असते. मॉरीनबाईंनी मला आणि प्रशांतरावांना पास काढून दिले. मोठ्या खेळाच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. पेट्या उघडल्या, कर्मचारी एकेक मतपत्रिका उघडून सरळ करायला लागले, आणि लोखंडी कठड्याच्या अलीकडं सगळ्या उमेदवारांची माणसं वाकून उभी. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. मत दिसलं की रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. बाई गं, ही तर आमचीच मोजणी! बोली कळत नव्हती पण रेघा सगळ्या कळत होत्या. मीही एक पुठ्ठा घेतला आणि वाकले.

माझ्या शेजारी एक उंच, लालबुंद गालांचा माणूस रेघा मारत होता. थोड्या वेळानं त्यानं माझ्या पुठ्ठ्यात डोकावलं, स्वतःचा पुठ्ठा माझ्याकडं फिरवला आणि दोन्ही जुळवून बघितलं. मला तीन मतं चुकली होती, ती त्यानं बोट ठेवून दाखवली. प्रशांतरावांना विचारलं, "आपल्या बाईंचा माणूस का?"

"नाही हो आई, हा टॉम. स्वतः."

मी पुठ्ठा छातीशी धरला. विरोधी उमेदवाराला आपली मोजणी दाखवली! गावी असते तर पॅनलनं मला वेशीबाहेर काढलं असतं. पण इथं सगळ्या पक्षांची माणसं दुपारी एका कोपऱ्यात जमली आणि आपापल्या रेघांची बेरीज एकत्र केली. एकट्याला सगळ्या पेट्या बघता येत नाहीत, तेव्हा वाटून बघायच्या. वर सॅन्डविचसुद्धा वाटून खाल्ली. मोजणीच्या दिवशी आम्ही एकमेकांच्या तांब्यातलं पाणी पीत नाही.

मोजणी दोन दिवस चालली. एक फेरी झाली की सगळ्यात खालच्या माणसाला बाद करायचं, त्याच्या मतपत्रिकांवरचे दोन नंबर बघायचे आणि त्याप्रमाणे वाटायच्या. मग पुढची फेरी. दुसऱ्या दिवशी दुपारी माइकवरून मॉरीनबाईंचं नाव घेतलं. बाद.

मी बाईंकडं बघायला धजेना. आता या पाठ फिरवून निघून जातील, आपण त्यांच्या मागं जायचं, अशी मी चप्पल सरळ केली. तर बाई कठड्याला टेकून, पुढं वाकून बघत होत्या, त्यांच्या मतांचे गठ्ठे कुणाकडं जातात ते. कर्मचारी एकेक पत्रिका उचलून दोन नंबर बघत होते आणि बऱ्याच जात होत्या टॉमच्या ढिगात. शेवटची एकच जागा उरली होती. ती टॉमला मिळाली. बाईंच्या मतांवर.

टॉम आला, बाईंचा हात हातात घेतला. बाईच आधी बोलल्या. प्रशांतरावांनी सांगितलं, "त्या म्हणतायत, माझी माणसं तुझ्याकडं आलीयेत, दवाखाना विसरलास तर परत घेऊन जाईन."

शिडी

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी बसून बाळाला तेल लावत होते. बाहेर बघते तर खांबाला ॲल्युमिनियमची उंच शिडी लावलेली. वर टॉम. खाली शिडी धरून मॉरीनबाई. टॉम वरून मॉरीनबाईंचे फोटो कापून खाली टाकत होता आणि बाई स्वतःचा चेहरा गोळा करून काखेत मारत होत्या.

बाळ वैशालीकडं दिलं, शाल घेतली, प्रशांतरावांना उठवलं आणि बाहेर गेले.

"त्यांना विचारा, हा निवडून आला ना? मग हा हरलेल्याचे फोटो का काढतोय?"

प्रशांतरावांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "शिडी त्याची आहे."

एवढंच. मला अजून उभी बघून मग त्यांनी नीट सांगितलं. मतदानानंतर सात दिवसांत सगळ्या उमेदवारांनी आपापली पोस्टर उतरवायची, नाहीतर एकेका पोस्टरचा दंड. टॉम वरून ओरडला, "आणि हिचा चेहरा माझ्या कुरणासमोर लागलाय, मेंढ्या शाळेसारख्या रांगेत उभ्या राहतात." बाईंनी शिडी जराशी हलवली. त्यानं दोन्ही हातांनी खांब धरला.

उतरवलेली पोस्टर ते कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकतात म्हणे. आमच्याकडं फ्लेक्स कांद्यावर टाकतात. पुढाऱ्याच्या हातून पावसापाण्यात एवढं एक काम दोन्ही देशांत नक्की होतं.

मी हसत घरात आले आणि मोरीशी हात धुताना एकदम थांबले.

आमच्या घराची बाजूची भिंत आक्कांच्या दाराकडं तोंड करून आहे. चार वर्षांपूर्वी पॅनलच्या पेंटरनं त्या भिंतीवर ही मोठी कपबशी काढली. निळा कप, लाल बशी, खाली 'प्रचंड मतांनी विजयी करा'. भिंत माझी, म्हणून मी कधी वळून बघितलं नाही. पण आक्का रोज पहाटे दार उघडतात, तेव्हा पहिलं दर्शन कशाचं होतं? देवाचं नाही, सूर्याचं नाही, माझ्या कपबशीचं. चार वर्षं. सात दिवस कुठं आणि चार वर्षं कुठं. आमच्याकडं दंडाचा कायदा असता तर माझा सातबारा विकावा लागला असता.

"वैशाली," मी म्हटलं, "आपल्या भिंतीवरची कपबशी तुला आठवती का गं?"

"आठवायला काय? मागच्या वर्षी आल्ते तेव्हा मोठी आई त्या कपाकडं पाठ करून बसली होती गोठ्यात. म्हंटलं इकडं तोंड करून बस की. म्हणाली, चहा पिऊन कट्टाळा आला."

"मंग मला सांगितलं का न्हाईस?"

"तू निवडून आल्ती ना," वैशाली म्हणाली आणि लाडू तोंडात घातला.

हे काम फोनवर होण्यासारखं नव्हतं. सव्वा महिना पुरा करून दिला, बाळाच्या चार गोष्टी शिकवल्या, आणि जानेवारीत, नोंदणीचे तीन महिने संपायला तीन आठवडे उरलेले असताना परत निघाले. मॉरीनबाई बसपर्यंत सोडायला आल्या. मी त्यांना डिंकाच्या लाडवांचा डबा दिला आणि वर टॉमसाठी चार वेगळे बांधून दिले. शिडीचे.

घरी

घरी पोचले तेव्हा संक्रांत होऊन गेलेली. आमचे मालक म्हणाले, आधी आंघोळ कर, जेव, झोप. मी म्हटलं, चुना आणा. त्यांना वाटलं विमानानं डोक्यावर परिणाम झाला. पण आणला. बादलीत भिजवला, ब्रश घेतला, मोडका स्टूल घेतला आणि भिंतीशी उभी राहिले.

वरून सुरुवात केली. 'प्रचंड' गेलं, 'विजयी' गेलं. कपाला दोन हात द्यावे लागले, पेंटरनं रंग चांगला वापरला होता. मागं गोठ्यात आक्का दूध काढत होत्या. धारेचा आवाज येत होता, तो मध्येच थांबला. मी वळले नाही. वळले असते तर हात थांबला असता.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला.

"कपाचा कान ऱ्हायलाय."

चार वर्षांतले पहिले शब्द. बघितलं तर खरंच, उजव्या बाजूला निळा कान तसाच. मी त्यावर ब्रश फिरवला.

"तिथं न्हाई, खाली. डोळं आयर्लंडातच ठेवून आलीस का काय?"

मी स्टुलावरून उतरले. हातभर चुना, साडीवर ठिपके. म्हटलं, "आक्का, मत मागायला आलीये."

"परत हुबी ऱ्हातीस व्हय?"

"न्हाई. पहिला नंबर मागत न्हाई. पहिला नंबर तुमी गाईला द्या, तिचा मान मोठा. दुसरा मला द्या."

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या, मग गाईकडं.

"गाय आठ दिस धुतली मी. रंग निघंना. तू एक तांब्या पानी घेऊन आली असतीस, तरी चाललं असतं. निवडून तर आल्तीसच."

"चुकलं, आक्का."

"सात मतांनी तर आल्ती. तोरा सातशेचा," असं म्हणत त्यांनी दुधाची बादली उचलून माझ्या हातात दिली. "धर. दूध आत ठेव. चुन्याच्या हातानं नको, पदरानं धर. आन् त्या पोरीला फोन लाव. किती दिस बिननावाची ठेवायची?"

तिकडं दुपार होती. वैशालीनं फोन पाळण्याच्या टोकाला टेकवून ठेवला. आक्का ओट्यावर बसल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, एकदा खाकरल्या आणि पाळणा सुरू केला. चार वर्षं माझ्या घरात आवाज येऊ नये म्हणून त्या हळू म्हणत असतील, असं मला वाटत होतं. आवाज जसाच्या तसा होता, मीच कान दिला नव्हता. वैशाली रडत होती, प्रशांतराव बाळाकडं बघतोय असं दाखवत होते, आणि बाळ झोपलं होतं. नाव ठेवलं ईरा. मला सावी हवं होतं, आक्कांना गंगा. ईरा दोघींचंही दुसऱ्या नंबरचं होतं.

इतक्या लांब जाऊन काय आणलं, असं गावातले विचारतात. चॉकलेटं वाटून संपली, लोकरीचे मोजे जावयाला परत केले. पिवळं तूप कस्टमच्या धाकानं आणलंच नाही. आता पुन्हा ग्रामपंचायत येणार, पॅनलवाले घिरट्या घालायला लागलेत. परवा एक जण आक्कांच्या ओट्यावर बसून म्हणाला, आक्का, औंदा सुमनबाईंना धडा शिकवू. आक्का म्हणाल्या, "शिकवू की. पन भित रंगवायची असंल तर सात दिसांत पुसायची, ती बी तूच. शिडी आमची."

भिंत पांढरी आहे. पहाटेच्या उन्हात नीट बघितलं तर चुन्याखालून कपाचा कान अजून जरासा निळा दिसतो. आक्का म्हणतात, राहू दे, सकाळी चहाची आठवण होते. मग त्या हाक मारतात आणि मी जाते.